डॉक्टरला ढाल, बाईला क्रमांक: सरकारी गर्भपात सेवेचं परीक्षण

गर्भपाताची सेवा चांगली की वाईट हे ठरवताना लोक थिएटर बघतात, स्वच्छता बघतात, डॉक्टरची पदवी विचारतात. ते बघावंच. पण त्याच्याही आधी एक पाकीट बघावं. बाईने सही केलेलं संमतीपत्र म्हणजे फॉर्म सी, आणि डॉक्टरने आपलं मत नोंदवलेला फॉर्म १. हे कागद पाकिटात घालून पाकीट बंद करायचं, वर 'गुप्त' असं लिहायचं, बाईचं नाव न घालता फक्त रजिस्टरमधला तिचा अनुक्रमांक आणि गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचं नाव टाकायचं आणि ते रुग्णालयप्रमुखाच्या ताब्यात द्यायचं, असा नियम आहे. हे पाकीट जिथे वेळेवर बंद होतं तिथली बाकीची सेवाही बहुतेक वेळा धड असते. जिथे फॉर्म सी ओपीडीच्या टेबलावर बाकीच्या केसपेपरांत उघडा पडलेला दिसतो, तिथे उपचार कितीही चांगला असला तरी बाई घरी जाते ती उघडीच.

महाराष्ट्रातल्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत मिळणाऱ्या सेवेचं हे परीक्षण एकाच बाजूने केलेलं आहे. उद्या कुणी त्या बाईकडे बोट दाखवून म्हणालं की हिने पोट पाडलं, हिच्यावर गुन्हा घाला, तर या सेवेने तिच्या हातात काय दिलेलं असतं?

कायद्याची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण गैरसमज तिथेच सुरू होतो. '१९७१ पासून आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. त्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचा पाया शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालात आहे, आणि शहा तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. कायदा १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. पण त्याचं तिसरं कलम वाचा. या कायद्याप्रमाणे गर्भपात केला तर 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' दोषी ठरणार नाही, असं ते म्हणतं. आठव्या कलमात सद्भावनेने काम केल्याबद्दल संरक्षण आहे, तेही डॉक्टरलाच. ढाल आहे, पण ती डॉक्टरच्या हातात आहे. बाई तिच्याआड उभी राहू शकते, ती डॉक्टरसोबत असेल तेवढा वेळच.

दुसरीकडे फौजदारी कायदा बाईचं नाव घेऊन बोलतो. जुन्या दंड संहितेचं कलम ३१२ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८८ झालं आहे. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला नसेल, तर गर्भपात घडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पोटातलं मूल हालचाल करू लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. त्याखाली एका ओळीचं स्पष्टीकरण आहे: जी बाई स्वतःच स्वतःचा गर्भपात घडवते तीही या कलमात येते. १८६० साली लिहिलेली ही ओळ २०२३ मध्ये नवी संहिता करताना जशीच्या तशी ठेवली गेली आणि १ जुलै २०२४ पासून पुन्हा लागू झाली. ज्या इंग्रजांकडून हा विचार आला त्यांच्या देशातला कायदा १८६१ चा. तिथे १७ जून २०२५ ला हाउस ऑफ कॉमन्सने ३७९ विरुद्ध १३७ मतांनी ठरवलं की स्वतःच्या गर्भारपणाबद्दल बाईवर खटला भरायचा नाही. आपल्याकडे ती ओळ पुसायची संधी नुकतीच येऊन गेली आणि हातातून निसटली, याचं मनापासून वाईट वाटतं.

ढाल डॉक्टरची असल्यामुळे बाईचं संरक्षण शेवटी कागदावर येऊन ठेपतं, आणि म्हणून सेवा तपासायची ती कागदापासून.

पहिला टप्पा दिवस मोजण्याचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे होऊन गेलेले असतात. 'दीड महिना झाला असेल' असं सांगणारी बाई संबंधापासून मोजत असेल तर ती प्रत्यक्षात आठव्या आठवड्यात असते. गोळ्यांची मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसच्या दरम्यान दोघांचं लागतं आणि बाई ठरावीक गटांत बसावी लागते. त्यामुळे केसपेपरवर पाळीची तारीख लिहिली गेली का, ती सोनोग्राफीशी जुळते का, हे स्वतः बघा. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने सांगू नका, 'आठवत नाही' असंच सांगा. पुढे वाद झाला तर चुकीची तारीख बाईच्या विरुद्ध जाते.

मग संमती. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची संमती तिची एकटीची. नवऱ्याची सही कायद्यात नाही, सासूची नाही, आईवडिलांची नाही. लग्नाचा दाखला, आधार कार्ड, पोलिसांचं पत्र यांतलं काहीही कायदा मागत नाही. तरीही सरकारी सेवेतली सगळ्यात मोठी खोट हीच: टेबलामागची व्यक्ती 'सोबत कोण आहे? मिस्टरांना बोलवा' म्हणते आणि बाई माघारी फिरते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सवयीवर स्पष्ट बोट ठेवलं आहे. घरच्यांची संमती, पुरावे, कोर्टाचा हुकूम अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टर घालतात, खटल्याच्या भीतीने घालतात, आणि त्यामुळे बायका असुरक्षित जागी जातात, असा त्याचा आशय. त्याच निकालाने अविवाहित बाईला चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गटात विवाहितेइतकाच हक्क दिला. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कार मानली, आणि त्यासाठी आधी एफआयआर हवा ही अट चालणार नाही असं सांगितलं. गर्भनिरोधक निकामी झालं हे कारण २०२१ च्या दुरुस्तीपासून 'बाई किंवा तिचा जोडीदार' अशा शब्दांत आहे, 'नवरा' हा शब्द गेला. म्हणून अविवाहित मुलीने फॉर्मसाठी खोटं आडनाव किंवा खोटा नवरा उभा करायची गरज नाही. खोट्या नावाने केलेली नोंद पुढे तिच्या उपयोगाची राहत नाही, हे तिला आधीच सांगायला हवं.

सही करताना फॉर्म सी कोरा नाही ना, हे बघा. रुग्णालयाचं नाव, बाईचं वय, पत्ता भरलेला असावा. एकच सही गर्भपाताला आणि तांबीला अशी एकत्र घेणं चुकीचं आहे. 'तांबी बसवली तरच करू' किंवा 'ऑपरेशन करून घेणार असाल तर करू' ही अट कायद्यात कुठेही नाही. तांबी हवी असेल तर ती त्याच दिवशी बसवता येते, सोय चांगली आहे. पण विचारणं वेगळं आणि अडवणं वेगळं.

प्रत्यक्ष उपचाराबद्दल थोडक्यात, कारण सरकारी सेवेची ही बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या: पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी, तिसऱ्या दिवशी २०० मायक्रोग्रॅमच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, पंधराव्या दिवशी तपासणी. बारा आठवड्यांपर्यंत हातपंपाने (हाताने चालवायच्या शोषक सिरिंजने) गर्भपिशवी रिकामी करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. अजूनही लोखंडी चमच्याने खरवडून क्युरेटिंग करणारं केंद्र असेल तर तिथे हातपंप का वापरत नाहीत हे विचारा, ती पद्धत मागे पडून बराच काळ झाला. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल विचारा. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवावर बेततं, म्हणून पोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं यांकडे दुर्लक्ष नको. गोळ्यांनंतर सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठायचं. खर्चाचं म्हणाल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, तिथे दर विचारून घ्या.

काम झाल्यानंतर तीन तासांच्या आत डॉक्टरने फॉर्म १ वर गर्भपात केल्याचं प्रमाणित करायचं असतं. 'फॉर्म नंतर भरू, तुम्ही जा' हे उत्तर घेऊन निघू नका. डॉक्टरची ढाल याच कागदाने लागू होते आणि तिच्या सावलीत बाई उभी असते. फॉर्म न भरलेला गर्भपात कागदावर कायद्याप्रमाणे झालेला दिसत नाही.

आता रजिस्टर. या सेवेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच, आणि कर्मचाऱ्यांनाही ती क्वचितच पूर्ण माहीत असते. फॉर्म ३ म्हणजे दाखल रजिस्टर. नवं वर्ष, नवी क्रमवारी. क्रमांक एकपासून, पुढे तिरकी रेघ मारून वर्ष: ४१/२०२५ असा. बाईचं नाव, वय, पत्ता, किती आठवडे, कारण, तारखा, मत देणारा डॉक्टर, गर्भपात करणारा डॉक्टर, हे सगळं फक्त या एका रजिस्टरमध्ये. थिएटरचं रजिस्टर, केसशीट, पुन्हा तपासणीचं कार्ड यांत बाईचं नाव लिहायचं नाही, फक्त हा क्रमांक. रजिस्टर गुप्त दस्तऐवज आहे, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही दाखवायचं नाही, आणि ज्या वर्षाचं ते आहे ते संपल्यापासून पाच वर्षं जपून ठेवायचं. जिल्ह्याला दर महिन्याला जातो तो नुसता आकड्यांचा तक्ता, नावं नसतात. डॉक्टरने नाव फोडलं तर २०२१ पासून कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

इतकी काळजी घेतली तरी अडचण उरतेच. तिच्या हातातल्या कार्डावर तिचं नाव नसेल तर उद्या ती काय दाखवणार? उत्तर त्या क्रमांकातच आहे. केंद्राचं नाव, तारीख आणि अनुक्रमांक या तीन गोष्टी तिच्यापाशी असतील, तर कोर्ट ते रजिस्टर आणि ते बंद पाकीट मागवू शकतं. म्हणून निघताना क्रमांक मागून घ्यायचा. काही ठिकाणी 'तो आमच्यासाठी असतो' असं सांगतात. शांतपणे पुन्हा मागा. नोकरी करणाऱ्या बाईला आणखी एक सोय आहे: तिने अर्ज केला तर रजेसाठी डॉक्टर दाखला देऊ शकतो, आणि मालकाने ती माहिती पुढे सांगायची नाही असं नियमातच लिहिलं आहे. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क मातृत्व लाभाच्या तरतुदींत आहे. कितीतरी जणी याऐवजी 'टायफॉइड' लिहून घेतात आणि बिनपगारी रजा टाकतात.

खासगी दवाखान्यात गेलात तर आधी भिंत बघा. मान्यता मिळालेल्या जागेने फॉर्म बी चं प्रमाणपत्र ठळक जागी लावायचं असतं. सरकारी रुग्णालयाला ही वेगळी मान्यता लागत नाही. मान्यता नसलेल्या जागी किंवा नोंदणीकृत नसलेल्या माणसाने केलेला गर्भपात हा किमान दोन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीचा गुन्हा. पकडला जातो तो माणूस, पण पंचनाम्यात बाईचं नाव येतं आणि चौकशी तिच्या दारात येते.

मेडिकलच्या दुकानाचा रस्ता बायका का धरतात हे कळण्यासारखं आहे: रुग्णालयातली 'मिस्टरांना बोलवा' टळते. पण एक मिफेप्रिस्टोन आणि चार मिसोप्रोस्टॉल असं ते पाकीट चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि चिठ्ठीशिवाय घेतलं की डॉक्टर नाही, फॉर्म नाही, क्रमांक नाही. म्हणजे ढालही नाही, उरतं ते फक्त कलम ८८ चं स्पष्टीकरण. महाराष्ट्रात तर चिठ्ठी असूनही गोळ्या मिळणं अवघड. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत लिंगनिदान करून बेकायदा गर्भपात केल्याचं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर तपासण्या कडक झाल्या आणि कितीतरी दुकानदारांनी हे पाकीट ठेवणंच सोडलं. यामागे लिंगनिदानाची भीती आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात आणि सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळायला त्याहून बरेच आठवडे जावे लागतात. लिंगनिदानाविरुद्धचा कायदाही बाईला गुन्हेगार मानत नाही. नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं असं कोर्टाने गृहीत धरायचं, असं त्याचं चोविसावं कलम सांगतं. तोच शहाणपणा गर्भपाताच्या कलमात का आला नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गोळ्या घेऊन रक्तस्राव थांबेना म्हणून बाई सरकारी रुग्णालयात येते, तो क्षण सगळ्यात नाजूक. अपूर्ण गर्भपात आपोआप झालेला असो की गोळ्यांनी, पिशवी रिकामी करणं आणि रक्तस्राव थांबवणं हा उपचार एकच असतो. तो अडवून ठेवायला कसलाही आधार नाही. पण इथे काही ठिकाणी, विशेषतः मुलगी अविवाहित असली की, केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का पडतो आणि पोलीस चौकीला निरोप जातो. हा शिक्का कोणत्या कलमाखाली मारला, हे विचारता येतं. काही ठरावीक गुन्ह्यांची खबर देणं कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे, पण त्या यादीत कलम ८८ नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीचं वेगळं, त्याबद्दल पुढे. दुसरी खबरदारी निदानाच्या शब्दाची. वैद्यकीय भाषेत 'अबॉर्शन' हा शब्द आपोआप झालेल्या गर्भपातालाही वापरतात: मिस्ड अबॉर्शन, इनकंप्लीट अबॉर्शन, स्पॉन्टेनियस अबॉर्शन. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'अबॉर्शन' लिहिलं असेल तर घरचे, मालक आणि पोलीस तिघंही त्याचा एकच अर्थ लावतात. गर्भ आपोआप गेला असेल तर 'स्पॉन्टेनियस' हा शब्द आणि सोनोग्राफीचा निष्कर्ष कार्डावर लिहून घ्या. एका शब्दासाठी पुढे महिने जातात.

पोलीस आलेच तर काही गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. कलम ८८ अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस त्याचा तपास सुरू करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथेच तिला विचारायचं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी, दोन्ही हवं. पोलिसांपुढे दिलेली कबुली तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. डॉक्टरपुढे सांगितलेल्या गोष्टीला मात्र तसं संरक्षण नाही, ते केसपेपरवर जातं. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका: बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. गर्भपात बाईच्या संमतीविना कुणी घडवला असेल तर मात्र गोष्ट उलटी होते. कलम ८९, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, दखलपात्र, आणि बाई तिथे फिर्यादी असते.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, डॉक्टरला खबर द्यावीच लागते, न दिल्यास त्यालाच शिक्षा. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना रुग्णालयं हात लावायला कचरतात. वर सांगितलेल्या २०२२ च्या निकालात यावरही वाट आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने खबर द्यायची, पण त्यात मुलीची ओळख द्यायची नाही. ही विनंती लेखी द्या, तोंडी नको. आणि 'पालक' म्हणजे फक्त बाप नव्हे. गर्भपाताच्या कायद्यात जो कुणी तिची देखभाल करतो तो पालक, मग ती आजी असो, मावशी असो की वसतिगृहाची अधीक्षिका.

चोवीस आठवड्यांनंतर सेवेची बाजू कमजोर पडते. वैद्यकीय मंडळ फक्त गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी आहे. त्याने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यायचा आणि मान्य झाल्यास अर्जापासूनच पाच दिवसांत गर्भपात व्हायचा असतो. अर्ज दिल्याची पोच घ्या, नाहीतर ते तीन दिवस कधी सुरू झाले हेच ठरत नाही. बाकी सगळ्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या बायकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येतं. एकेक दिवस मोजायची वेळ असते तेव्हा रात्रीचा प्रवास वाचणं हीदेखील मोठी गोष्ट. आणि जीव तात्काळ वाचवण्यासाठी गर्भपात करायचा असेल तर आठवड्यांची कसलीच मर्यादा नाही, मंडळही नाही. हे डॉक्टरला आठवण करून द्यावं लागू नये, पण लागतं.

शेवटचा भाग रुग्णालयाबाहेरचा, आणि तिथे बाई सगळ्यात एकटी असते. मूल घरीच मेलेलं जन्मलं. घाबरून, लाजेपोटी, कुणाला न सांगता ते पुरलं. न्याय संहितेच्या कलम ९४ खाली मूल जन्माआधी, जन्मताना की नंतर मेलं याला महत्त्व नाही. जन्म लपवण्याच्या हेतूने मृतदेहाची गुपचूप विल्हेवाट लावली की दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. पुढे तो खुनापर्यंतही ताणला जातो. छत्तीसगडमधल्या एका एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत नेमकं हेच झालं. गावातल्या डबरीत (छोट्या तळ्यात) अर्भक सापडलं, ती गरोदर होती हे सगळ्यांना माहीत होतं, तेवढ्यावरून जन्मठेप. ते मूल तिचंच होतं हेसुद्धा सिद्ध झालेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, तोवर तिच्या आयुष्याची किती वर्षं त्यात गेली होती.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो आरोग्यसेवेनेच द्यायला हवा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या मुलाची नोंद फॉर्म ३ मध्ये होते (हा जन्म-मृत्यू नोंदणीचा फॉर्म ३, गर्भपाताच्या रजिस्टरचा नव्हे). मुदत एकवीस दिवस, गावात ग्रामपंचायतीत. नोंद झाली की लपवण्याचा हेतू होता असं म्हणायला जागाच उरत नाही. अठ्ठावीस आठवड्यांआधी गर्भ गेला असेल तर नोंद होत नाही, तेव्हा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यायचं आणि तारखेचा केसपेपर ठेवायचा. आशाताईला फोन करणंही चालतं, तिच्या वहीत त्या दिवसाची ओळ पडते. प्रसूतीच्या तयारीबद्दल आशाताई घरोघरी बोलतात, तेव्हा मूल वाचलं नाही तर काय करायचं हे दोन वाक्यांत सांगता येईल. अजून ते कुणी सांगत नाही.

एकूण सेवेला गुण द्यायचे तर हातपंप आणि गोळ्यांच्या कामाला पाचपैकी चार, नोंदीच्या रचनेला पाच, ती रचना पाळण्याला दोन. वागणुकीचे गुण देणार नाही, ते त्या दिवशी टेबलामागे कोण बसलं आहे त्यावर ठरतात. निघण्याआधी सिस्टरला विचारा, 'माझा नंबर काय पडला?' तो पिशवीतल्या चिठ्ठीवर नको, चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागते. मोबाइलमध्ये एखाद्या नावापुढे फोन नंबरासारखा टाकून ठेवा: आधी वर्ष, मग क्रमांक, मग तारीख.